सराव पाठांसाठी घेतलेला ध्वनिमुद्रक: एका छात्राध्यापिकेचे परीक्षण

सराव पाठांच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या निरीक्षण वहीत सलग तीन पाठांवर जवळजवळ एकच शेरा पडला: प्रश्न योग्य आहेत, परंतु उत्तरासाठी विद्यार्थ्यांना वेळ मिळत नाही. तिन्ही निरीक्षक वेगवेगळे होते, त्यामुळे शेऱ्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. तरीही मला अगदी मनापासून वाटत होते की मी प्रश्न विचारून थांबते. फळ्यासमोर उभे असताना मनात चाललेला काळ आणि बाकावर बसलेल्या मुलांचा काळ यांत काहीतरी तफावत आहे, एवढेच त्या वेळी समजत होते. ती तफावत किती आहे हे कानांनी ऐकावे, या एकाच हेतूने मी छोटा ध्वनिमुद्रक घेतला. त्यानंतरचे बहुतेक सगळे पाठ मी त्यावर मुद्रित केले आहेत आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे. यंत्राचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष या जातीच्या अनेक यंत्रांत थोड्याफार फरकाने आढळतात, आणि घेणाऱ्याने नावापेक्षा कोणती सोय तपासावी हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

यंत्र तळहातावर मावेल एवढे आहे. वरच्या टोकाला दोन मायक्रोफोन, मध्ये लहानसा पडदा, कडेला मुद्रण सुरू करण्याची सरकती कळ आणि चुकून धक्का लागला तरी मुद्रण बंद पडू नये म्हणून एक कुलूप-कळ, असा त्याचा थाट आहे. ट्रिपल-ए आकाराच्या दोन सेलवर ते चालते आणि यूएसबीने संगणकाला जोडता येते. फोनवर हेच काम होत असताना वेगळे यंत्र कशाला, असे मला सहाध्यायांनी विचारले. माझा अनुभव असा की टेबलावर फोन असला की मुलांचे लक्ष फोनकडे जाते, माझेही जाते, आणि मध्येच एखादा संदेश आला तर पाठाचा धागा तुटतो. शिवाय फोनवरचे मुद्रण आपोआप कुठे साठवले जाते यावर माझे पूर्ण नियंत्रण नसते, आणि मुलांचे आवाज त्यात असल्यामुळे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या यंत्राला इंटरनेट नाही. त्यातले मुद्रण मी पुसले की ते गेले. दुसरीकडे उणीव वाटावी अशी ही गोष्ट वर्गात सोय ठरते.

पहिला पाठ ऐकला तेव्हा शिकवणे बाजूलाच राहिले आणि मी फक्त स्वतःचा आवाज ऐकत बसले. तो परक्या माणसाचा वाटला. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून जसा ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खालच्या पट्टीचा भाग अधिक असतो. मुद्रणात फक्त हवेतला आवाज उरतो, म्हणून तो पातळ वाटतो. हे कारण माहीत असूनही पहिले दोन दिवस अवघडल्यासारखे झाले. जे कोणी नव्याने हा प्रयोग करतील त्यांना माझे सांगणे एवढेच की पहिल्या दोन मुद्रणांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. तिसऱ्या पाठापासून कान आवाजाकडून शब्दांकडे आणि शब्दांकडून शब्दांमधल्या जागांकडे वळतात.

त्या जागांच्या बाबतीतच या यंत्राने मला सुरुवातीला फसवले, आणि परीक्षणाचा मुख्य मुद्दा तोच आहे. यंत्र विकताना एक सोय मोठ्या कौतुकाने सांगितली जाते: आवाज आला की मुद्रण आपोआप सुरू होते, आवाज थांबला की थांबते. त्यामुळे जागा वाचते, सेल वाचतात आणि नंतर ऐकताना वेळही वाचतो. मी ती सोय चालूच ठेवली होती. चाळीस मिनिटांच्या तासिकेचे मुद्रण पाहिले तर ते तेहतीस मिनिटांचेच निघाले. आधी वाटले की कळ उशिरा सरकवली असेल. पण मुद्रणाची सुरुवात हजेरीपासूनच होती आणि शेवटी घंटाही ऐकू येत होती. मग मधली सात मिनिटे गेली कुठे, याचा विचार करताना उलगडा झाला. मुले वहीत लिहीत होती तो वेळ, मी फळ्यावर आकृती काढत होते तो वेळ, आणि प्रश्न विचारल्यानंतर वर्ग विचारात पडला होता तो सगळा वेळ यंत्राने गाळून टाकला होता. मुद्रणात माझा प्रश्न संपताच, श्वासभराचीही उसंत न देता, पुढचे वाक्य सुरू होत होते. वर्गात मी खरोखर किती थांबले होते, ते आता कुणालाच कळण्यासारखे नव्हते.

सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्यासाठी किंवा मनात आलेले विचार टिपून ठेवणाऱ्यासाठी ही सोय चांगलीच आहे. शिक्षकासाठी मात्र ती घातक आहे, कारण वर्गातील शांतता हा अध्यापनाचाच भाग आहे. या विषयावर अमेरिकन विज्ञान-शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी केलेले काम छात्राध्यापकांना प्रश्न कौशल्य शिकताना भेटतेच. प्राथमिक वर्गांतील विज्ञानाच्या तीनशेहून अधिक पाठांच्या ध्वनिफिती तपासून त्यांनी १९७४ मध्ये मांडले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात, आणि विद्यार्थ्याचे उत्तर आल्यानंतर स्वतः बोलायला लागण्याआधी तर त्याहूनही थोडे कमी. ही वेळ तीन ते पाच सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरे लांब होतात, उत्तरच न येण्याचे प्रसंग कमी होतात, मुले स्वतःहून अधिक बोलतात आणि ज्यांना मागे पडलेले समजले जाते तीही बोलू लागतात, असे त्यांना दिसून आले. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. परंतु त्यांचे सगळे काम ध्वनिफितींवर उभे आहे आणि फितीतली शांतता शाबूत नसती तर ते झालेच नसते, हा विचार माझ्या मनात आला तो हे यंत्र हातात असताना, तीच शांतता यंत्राने खाल्ल्यावर.

ती सोय बंद केल्यावर खरे चित्र समोर आले. हातातल्या घड्याळावर एकेका प्रश्नानंतरचा वेळ मोजत गेले. विषय बाष्पीभवनाचा होता. ओले कपडे वाळतात तेव्हा त्यांतले पाणी जाते कुठे, हा माझ्या टाचणातला, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यातला, सर्वांत आवडता प्रश्न. तो सुचला म्हणून आदल्या रात्री मी किती आनंदात होते ते मला आठवते. मुद्रणात तो प्रश्न विचारल्यानंतर सेकंदभराने मीच म्हणते, "सांगा, कुणाला येतंय?" आणखी सेकंदाने, "सोपं आहे," आणि त्यानंतर लगेच उत्तराचे पहिले अक्षरही मीच पुरवते. "सोपं आहे" हे दोन शब्द ऐकून मला फार वाईट वाटले. ज्याला उत्तर येत नव्हते त्या मुलाने ते ऐकून हात कशासाठी वर करावा? वर्गात मी ते धीर देण्यासाठी म्हटले होते. मुद्रणात ते तसे ऐकू आले नाही.

उत्तरानंतरच्या थांबण्याची स्थिती याहून वाईट निघाली. एक मुलगा "ते वर जातं, म्हणजे..." एवढे बोलतो आणि त्याच्या "म्हणजे"वरच माझे "बरोबर!" येऊन आदळते. त्याला पुढे काय म्हणायचे होते ते मला कधीच कळणार नाही. ही जागा मी आठ-दहा वेळा ऐकली. त्यासाठी यंत्रातली, ठरावीक दोन बिंदूंमधला भाग पुन्हा पुन्हा वाजवण्याची सोय फार उपयोगी पडली. खूण ठेवण्याची कळही तशीच. पाठ सुरू असताना कळ दाबायला सवड मिळत नाही, पण घरी पहिल्यांदा ऐकताना खुणा करून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी नेमक्या जागी जाता येते. वेग वाढवून ऐकण्याची सोय मात्र मी वापरत नाही. दीडपट वेगाने तीन सेकंदांची शांतता दोन सेकंदांची होते, आणि आपण थांबलो की नाही याविषयी कानांचा अंदाज पुन्हा बिघडतो.

मुद्रण पूर्ण मिळू लागल्यावर मी नेड फ्लँडर्स या अमेरिकन शिक्षण संशोधकांच्या आंतरक्रिया विश्लेषणाचा, म्हणजे वर्गात कोण किती आणि कसे बोलते हे मोजण्याच्या पद्धतीचा, प्रयत्नही केला. त्यात वर्गातील बोलण्याचे दहा गट असतात; सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. दर तीन सेकंदांनी त्या क्षणाच्या गटाचा एक अंक लिहायचा, म्हणजे मिनिटाला वीस आणि चाळीस मिनिटांच्या तासिकेला आठशे. प्रत्यक्ष वर्गात बसून हे करणाऱ्या निरीक्षकांविषयी मला आता आदर वाटतो, कारण थांबवत थांबवत ऐकूनही दहा मिनिटांच्या दोनशे नोंदी करताना माझी एक संध्याकाळ गेली. वर्गातील सुमारे दोन तृतीयांश वेळ बोलण्यात जातो आणि त्यातला दोन तृतीयांश शिक्षकाच्या बोलण्यात, असे फ्लँडर्स यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. माझ्या त्या दहा मिनिटांत माझा वाटा त्याहूनही मोठा भरला. या पद्धतीविषयी एक गोष्ट मला खटकली, ती ध्वनिमुद्रकामुळेच लक्षात आली म्हणून नोंदवते. विचारात बुडालेल्या वर्गाची शांतता आणि कुणाचे काहीच कळत नाही असा गलका, दोन्ही एकाच दहाव्या गटात जातात. कागदावरच्या अंकांत त्यांतला फरक दिसत नाही. मुद्रण ऐकताना तो क्षणात कळतो.

परंतु तो कळण्यासाठी ध्वनीची पातळी नीट ठरवावी लागते. आवाज लहान असेल तर यंत्राने स्वतःहून तो वाढवावा आणि मोठा असेल तर कमी करावा, अशी व्यवस्था या यंत्रांत मुळातच चालू असते. तिच्यामुळे वर्ग शांत झाला की यंत्र ऐकण्याची संवेदनशीलता वाढवत जाते आणि पंख्याची घरघर, बाकांची करकर, बाहेरच्या व्हरांड्यातली पावले हळूहळू मोठी होऊ लागतात. शांतता वर्दळीसारखी ऐकू येते. पातळी हाताने ठरवून ठेवली तर हे टळते. माझ्या यंत्रात ती सोय आहे, पण चार पायऱ्या आत दडवलेली आहे आणि माहितीपुस्तिकेत तिच्याविषयी फक्त एक ओळ आहे. खालच्या पट्टीचा गुणगुणाट गाळण्याची वेगळी कळ आहे, ती चालू ठेवली तर पंखा बऱ्यापैकी मागे पडतो आणि मुलांच्या आवाजाला धक्का लागत नाही. यंत्र घेताना पातळी हाताने ठरवता येते का, हे दुकानातच विचारून घ्यावे, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

यंत्र ठेवायचे कुठे, हे ठरवायला मला बरेच पाठ लागले. टेबलावर ठेवले तर मी ठणठणीत ऐकू येते आणि शेवटचा बाक जवळजवळ नाहीसा होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. यंत्रापासून मी एक मीटरवर आणि शेवटचा बाक आठ मीटरवर असेल तर अंतर तीनदा दुप्पट होते, म्हणजे घट अठरा डेसिबलची. वर्गात भिंतींवरून आवाज परत येत असल्यामुळे प्रत्यक्षात ती थोडी कमी असते, परंतु मागच्या मुलाचे हळू आवाजातले उत्तर हरवायला तेवढी पुरते. कपड्याला लावायचा छोटा मायक्रोफोन जोडून पाहिला. माझा शब्द न् शब्द आला, फळ्याकडे वळताना होणारी कापडाची घासाघीसही आली, आणि मुले त्याहून दूर गेली. स्वतःचे उच्चार किंवा कथनाची गती तपासायची असेल तर तो ठीक आहे. मला जे ऐकायचे होते त्यासाठी तो निरुपयोगी ठरला. अखेर यंत्र मधल्या रांगेतील तिसऱ्या बाकाच्या कोपऱ्यावर, खाली घडी केलेला जाड रुमाल ठेवून, ठेवू लागले. रुमालामुळे बाकावर ठेवलेल्या पट्टीचा आणि पेन्सिलीचा खडखडाट कमी होतो. माझा आवाज थोडा दूर जातो, वर्ग जवळ येतो.

यंत्र मुलांमध्ये ठेवायचे म्हटल्यावर परवानगीचा प्रश्न आलाच. मुख्याध्यापकांना आणि मार्गदर्शक शिक्षिकेला मी आधी विचारले होते, पालकांना शाळेमार्फत कळवले होते, आणि वर्गातही पहिल्या दिवशी यंत्र दाखवून ते कशासाठी आहे ते सांगितले. त्यावर एका मुलीने विचारले, "बाई, आमचा आवाज घरी नेऊन तुम्ही काय करणार?" छात्राध्यापिका म्हणून मला विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. मी तिला म्हटले की माझ्या चुका शोधणार, आणि शोधून झाल्या की पुसून टाकणार. तो शब्द मी पाळते. टाचणवहीत नोंदी झाल्या की त्याच आठवड्यात मुद्रण पुसते. पुसण्याआधी यंत्र दोनदा विचारते, हे बरेच आहे, कारण थकलेल्या संध्याकाळी चुकीची फाइल निवडली जाण्याचा प्रसंग माझ्यावर एकदा आला होता. मुलांचे म्हणाल तर पहिल्या पाठाला काहीजण यंत्राकडे तोंड करूनच बोलत होते. तिसऱ्या पाठापर्यंत त्यांना त्याचा विसर पडला.

साठवणीची बाजू थोडक्यात सांगते. न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात, सीडीच्या दर्जाच्या दोन मार्गांच्या (स्टिरिओ) मुद्रणाला मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट लागतात, म्हणजे एक तासिका चारशे मेगाबाइटच्या पुढे जाते. एमपी-थ्रीच्या एकशे अठ्ठावीस किलोबिटच्या दर्जाला तीच तासिका चाळीस मेगाबाइटच्या आत बसते आणि या कामासाठी तो दर्जा पुरेसा आहे. एक खरा दोष असा की सेल बदलायला वेळ लागला तर यंत्रातील तारीख मूळपदावर जाते आणि त्यानंतरच्या सगळ्या फाइलींवर एक जानेवारी हीच तारीख उमटते. कोणता पाठ कोणत्या दिवसाचा हे शोधण्यात माझे दोन तास गेले, तेही दुसऱ्या दिवशीच्या दोन पाठांची टाचणे लिहायची राहिली असताना. आता मुद्रण सुरू होताच मी वर्ग, विषय आणि वार मोठ्याने उच्चारते.

वेळ हाच या साधनाचा मोठा खर्च आहे, आणि त्याविषयी घेणाऱ्याने आधीच विचार करावा. छात्राध्यापकाची संध्याकाळ टाचणे, तक्ते, नोंदवह्या आणि मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या यांनी आधीच भरलेली असते. चाळीस मिनिटांचा पाठ पूर्ण ऐकायचा, थांबून नोंदी करायच्या, तर दीड तास सहज जातो. सुरुवातीला मी सगळे ऐकण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी दुसऱ्या दिवशीचा पाठ कच्चा गेला. आता टाचणात आधीच एक जागा आखून ठेवते, बहुधा मुख्य प्रश्नाच्या आसपासची दहा मिनिटे, आणि तेवढीच ऐकते. पूर्ण पाठ पंधरा दिवसांतून एकदा.

आवाजाच्या पलीकडचे या यंत्राला काही कळत नाही, हे उघड आहे, पण त्याची जाणीव ठेवणे भाग आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे थोड्या विद्यार्थ्यांना छोटा पाठ देऊन एकेक कौशल्य घोटण्याची, पद्धत उभी केली, तिच्यात पाठाचे चित्रमुद्रण करून ते लगेच दाखवण्यावर भर होता, आणि तो का होता ते मला आता कळते. अर्धा वर आलेला आणि माझी नजर दुसरीकडे गेल्यावर खाली गेलेला हात ध्वनिमुद्रणात नसतो. तो माझ्या मार्गदर्शक शिक्षिकेच्या वहीत होता. एके दिवशी मी त्यांना बाष्पीभवनाच्या पाठातली दोन मिनिटे ऐकवली, तेव्हा त्यांनी आपली वही उघडून त्याच क्षणासमोरची ओळ दाखवली: खिडकीजवळच्या दोघींनी हात वर केला होता. मी म्हटले, "बाई, मला त्या दिसल्याच नाहीत." त्या म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा बोलत होता." वही आणि मुद्रण शेजारी ठेवून झालेली ती दहा मिनिटांची चर्चा मला सगळ्या लेखी शेऱ्यांपेक्षा अधिक उपयोगाची ठरली. म्हणून एकट्याने ऐकण्यापेक्षा, निरीक्षण करणारी व्यक्ती तयार असेल तर निदान एक तुकडा तिच्यासोबत ऐकावा.

हे यंत्र मी पुन्हा घेईन का, तर घेईन. आपोआप सुरू होणारे मुद्रण पूर्ण बंद करता येणारे, पातळी हाताने ठरवता येणारे आणि सेल बदलताना तारीख न विसरणारे मिळाले तर हे देऊनही ते घेईन. ज्यांचे सराव पाठ नुकतेच सुरू झाले आहेत आणि फळ्यासमोर पाय अजून स्थिर झालेले नाहीत, त्यांनी मात्र पहिले चार-पाच पाठ यंत्राशिवायच होऊ द्यावेत. त्या दिवसांत स्वतःच्या चुका इतक्या जवळून ऐकणे मन खचवू शकते.

मागच्या आठवड्यात बाष्पीभवनाचाच पाठ दुसऱ्या तुकडीवर घेतला. मुद्रणात प्रश्न संपल्यापासून पुढचा आवाज येईपर्यंत घड्याळावर साडेचार सेकंद भरले. वर्गात ते मला संपता संपत नव्हते. त्यानंतर शेवटच्या बाकावरून कुणीतरी काहीतरी म्हणते, इतके हळू की पाच वेळा ऐकल्यावर आणि आवाज पूर्ण वाढवल्यावर दोनच शब्द हाती लागले: "हवेत... पण दिसत नाही." पुढच्या पाठाला यंत्र चौथ्या बाकावर ठेवून पाहणार आहे.